भट्टीच्या पंपाची सिरॅमिक सीट चार महिन्यांत तिसऱ्यांदा तुटली. तुकडे ठेवलेत, कारण शोधायला मदत हवी

भट्टीवाला · सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

कोल्हापूर भागातल्या एका फाउंड्रीत मी मेंटेनन्स बघतो. आमची इंडक्शन भट्टी दीड टनाची आहे. तिच्या तांब्याच्या कॉइलमधून डीएम (क्षार काढलेलं) पाणी बंद चक्रात फिरतं आणि प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये कूलिंग टॉवरच्या पाण्याने थंड होतं. अडचण आहे ती हे डीएम पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या मेकॅनिकल सीलची, म्हणजे फिरता शाफ्ट पंपातून बाहेर येतो तिथून पाणी गळू न देणाऱ्या भागाची.

सील साधंच आहे. शाफ्ट ३५ मि.मी., वेग २९०० आरपीएम. फिरणारा फेस (घासणारा सपाट भाग) कार्बनचा, त्याच्यामागे स्प्रिंग आणि रबरी बेलोज (लवचिक बाही). स्थिर सीट, म्हणजे त्याच्यासमोरची सिरॅमिकची कडी, पांढऱ्या अ‍ॅल्युमिनाची, रबरी कपात बसवलेली. असली सीलं आमच्याकडे वर्षानुवर्षं चालली आहेत. यंदा मात्र पहिली सीट जूनमध्ये गेली, दुसरी ऑगस्टमध्ये आणि तिसरी सप्टेंबरमध्ये. माझ्या आठवणीप्रमाणे तिन्ही वेळा साप्ताहिक सुट्टीनंतरच गळती सुरू झाली.

ज्यांनी फाउंड्री पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की हा साधा गळका पंप नाही. भट्टीत साडेचौदाशे अंशांचं लोखंड असतं आणि ते लोखंड व पाण्याची कॉइल यांच्यामध्ये अर्ध्या वितीचं रॅमिंग मासचं (ठोकून बसवलेल्या सिरॅमिक भुकटीचं) अस्तर, बाकी काही नाही. पाणी थांबलं तर कॉइल आणि अस्तर दोन्ही धोक्यात. वीज गेली तरी भट्टीतला माल तासन् तास गरमच असतो, म्हणून आम्ही वर इमर्जन्सी टाकी ठेवतो. पाणी वितळलेल्या लोखंडाखाली अडकलं तर त्याची वाफ सोळाशे-सतराशे पट जागा मागते. तिथे माझी माणसं उभी असतात. "सील बदललं, विषय संपला" असं म्हणणं मला जमत नाही.

सीलच्या पुरवठादाराचं म्हणणं, "अ‍ॅल्युमिना हलका माल आहे, सिलिकॉन कार्बाइड घ्या." महाग आहे, पण पैशाचा प्रश्न नाही. कारण न समजता माल बदलायचा आणि चौथ्यांदा तेच घडायचं, हे नको आहे.

मला दिसलं ते असं:

पहिल्या दोन सीटांवर फेसच्या बाजूला आतल्या कडेपासून बाहेर जाणाऱ्या बारीक चिरा आहेत, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. त्यातल्या एक-दोन आरपार गेल्या. कार्बन फेस खडबडीत झालाय. बेलोजचं काळं रबर टणक आणि चकचकीत. तिसऱ्या सीटचे सरळ तीन तुकडे, फेस जवळजवळ गुळगुळीत, रबर मऊ. तिन्ही सीलांच्या हवेच्या बाजूला पांढरी भुकटी साठलेली. डिलिव्हरी गेज, म्हणजे पंपातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं प्रेशर दाखवणारं, तिन्ही वेळा नेहमीचंच साडेतीन किलो दाखवत होतं.

पहिल्या सीटचे तुकडे भंगारात गेले होते, ते शोधून काढले. तिन्ही वेगवेगळ्या डब्यांत ठेवलेत. पुढे काय करू?

नाना_फिटर · सोमवार, रात्री १०:५०

रबर टणक म्हणजे सील कोरडं चाललं. पस्तीस वर्षं पंप उघडले, ही खूण चुकत नाही. सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांत जळक्या रबराचा वास आला होता का, हे सकाळच्या ऑपरेटरला विचारा. इंजिनीअरला नको, ऑपरेटरला.

उष्णगतिक · मंगळवार, सकाळी ८:०५

नानांचा अनुभव मोठा आहे, पण एक अडचण दिसते. पंप कोरडा चालला असता तर गेज शून्याकडे गेलं असतं आणि कॉइलच्या फ्लो स्विचने भट्टी ट्रिप केली असती. साडेतीन किलो प्रेशर आहे म्हणजे पाणी आहे. मग सील कोरडं कसं?

उष्णता किती होईल याचा मात्र अंदाज काढता येतो. फेसचा सरासरी व्यास ४५ मि.मी. धरला तर २९०० आरपीएमला घासण्याचा वेग सेकंदाला ६.८ मीटर येतो. स्प्रिंग आणि पाणी मिळून १०० न्यूटन जोर, कोरड्या घर्षणाचा गुणांक ०.२ धरा. म्हणजे सुमारे १३५ वॅट, अंगठीएवढ्या जागेत. त्या आकाराची अ‍ॅल्युमिनाची कडी साधारण ६० ग्रॅमची. बाहेर काहीच उष्णता गेली नाही असं मानलं तर एका मिनिटात दीडशे अंशांची वाढ. निम्मी कार्बनकडे गेली तरी दोन मिनिटांत तेवढीच. आणि सीट रबरी कपात बसलेली आहे, म्हणजे तिला घोंगडीत गुंडाळल्यासारखंच.

कोरडं चाललं तर सीट तापणार, हे मान्य. कोरडं चाललं हेच अजून सिद्ध झालेलं नाही.

विद्यार्थी_सांगली · मंगळवार, दुपारी १:३०

डिप्लोमाला आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. अ‍ॅल्युमिना दोन हजार अंशांपर्यंत वितळत नाही असं शिकवलंय. भट्टीचं अस्तरही सिरॅमिकच, ते साडेचौदाशे अंश सोसतं. मग ही सीट दीडशे-दोनशे अंशांना का तडकावी?

मृत्तिका · मंगळवार, रात्री ९:१५

@विद्यार्थी_सांगली, बाळबोध अजिबात नाही. सगळा धागा याच प्रश्नावर उभा आहे.

तापमान सोसणं वेगळं, तापमानातला फरक सोसणं वेगळं. गरम काचेच्या पेल्यात गार पाणी ओतलं की पेला तडकतो, तेव्हा काच वितळलेली नसते. पृष्ठभाग गार होऊन आकसायला बघतो, आतला गरम भाग त्याला आकसू देत नाही, आणि पृष्ठभागावर ताण येतो. अ‍ॅल्युमिना ताठ आहे (लवचिकता गुणांक सुमारे ३७० गिगापास्कल) आणि दर अंशाला दहा लाखांत ८ भाग प्रसरण पावतो. गणित केलं तर पृष्ठभाग अचानक गार झाल्यास दर अंशाच्या फरकाला सुमारे ३.८ मेगापास्कल ताण येतो. चांगल्या अ‍ॅल्युमिनाची वाकवताना मिळणारी ताकद साधारण ३५० मेगापास्कल. म्हणजे कागदावर ९०-९२ अंशांचा अचानक फरक पुरे. प्रत्यक्षात पाणी क्षणात उष्णता ओढून घेऊ शकत नाही, म्हणून प्रयोगशाळेत तापवलेली पट्टी पाण्यात टाकली की सुमारे २०० अंशांच्या फरकाला तिची ताकद कोसळते.

भट्टीचं अस्तर का टिकतं? एक तर ते हळूहळू तापवून सिंटर करतात, म्हणजे न वितळवता दाणे एकमेकांना चिकटवतात. दुसरं म्हणजे त्यात दाणे आणि पोकळ्या भरपूर असतात. एक चीर निघाली की पुढच्या पोकळीत अडकते. सीटमध्ये अशा पोकळ्या नसतात, मुद्दामच ठेवत नाहीत, नाहीतर ती गळेल. त्यामुळे निघालेल्या चिरेला थांबायला जागाच मिळत नाही.

लोखंड ताणलं की आधी लवतं, मग तुटतं. सिरॅमिक लवत नाही. त्याच्यात असलेल्या सगळ्यात वाईट दोषापाशी ते तुटतं. ब्रिटिश इंजिनीअर ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये काचेवर हे दाखवलं, आणि स्वीडनच्या वालोडी वायबुल यांनी १९३९ मध्ये त्याला संख्याशास्त्र दिलं. म्हणूनच एका खोक्यातल्या दोन सारख्या सीटांची ताकद सारखी नसते.

@भट्टीवाला, तुम्ही तुकडे ठेवलेत याचं मला फार बरं वाटलं. सिरॅमिकचा तुटलेला पृष्ठभाग म्हणजे पंचनामा असतो. आता असं करा:

तुटलेल्या बाजू एकमेकींवर घासून "जुळतंय का" बघू नका, कडांवरच्या खुणा मोडतात. तारेचा ब्रश नको. स्पिरिटमध्ये बुडवून मऊ ब्रशने धुवा. दहापट भिंग घ्या, अंधारात बसा आणि टॉर्च अगदी आडवा धरा, म्हणजे पृष्ठभागावरच्या उंचवट्यांच्या सावल्या पडतील. चीर जिथून सुरू होते त्याच्याभोवती गुळगुळीत भाग दिसतो, त्याला आम्ही आरसा म्हणतो. त्यापुढे धुक्यासारखा पट्टा, आणि त्यापुढे पिसाऱ्यासारखे चरे. चरे उलट्या दिशेने वाचत गेलात की उगमाशी पोहोचता. तुमच्याकडे डाय पेनेट्रंट (डीपी, चिरांत शिरून त्या दाखवणारा लाल रंग) असेलच, कास्टिंग तपासायला लागतं. ते सगळ्यात शेवटी वापरा, कारण लाल रंग तुटलेल्या बाजूत शिरला की पुढचं वाचता येत नाही.

मला एकच गोष्ट हवी आहे: प्रत्येक सीटमध्ये चीर फेसच्या कडेला सुरू झाली, बाहेरच्या परिघाला की मागच्या बाजूला?

याने काय कळतं तेही सांगते. कोरडं घासताना फेस गरम आणि बाहेरचा परिघ तुलनेने गार असतो. तेव्हा फेस दाबाखाली असतो आणि ताण येतो परिघावर. नुसत्या तापण्याने तुटली तर उगम परिघाला सापडेल. तापलेल्या फेसवर अचानक पाणी आलं तर उलट, फेस ताणाखाली येतो आणि चिरा फेसला सुरू होतात.

कोकणी_पंपवाला · मंगळवार, रात्री ११:००

वाचतोय. रत्नागिरीला बर्फाच्या कारखान्यात आमचीही हीच रड आहे. आमचे तुकडे दरवेळी फेकले गेले, आता वाईट वाटतंय.

भट्टीवाला · गुरुवार, रात्री १०:४०

हुपरीचा एक मित्र चांदीचं काम करतो, त्याच्याकडून भिंग आणलं. कंपनीत उजेड बंद होत नाही, म्हणून घरी देवघराच्या खोलीत बसलो. ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर हे मी जन्मात बघितलं नसतं.

सीट १ आणि २: चरे मागे वाचत गेलो तर दोन्हीत उगम फेसच्या आतल्या कडेला, म्हणजे कार्बन घासतो तिथेच. एकच नाही, पाच-सहा ठिकाणी. तुटलेले पृष्ठभाग गुळगुळीत, थोडे नागमोडी. नंतर डीपी मारली तर न तुटलेल्या भागातही आठ-दहा लाल रेषा उमटल्या, सगळ्या फेसपासून निघालेल्या.

सीट ३: इथे फेसला काहीच नाही. डीपीतही स्वच्छ. उगम मागच्या बाजूच्या कडेला, रबरी कपात जी बाजू जाते तिथे. उगमाशी शिंपल्याच्या आकाराचा टवका आहे, खोली मोजली तर ०.७ मि.मी.च्या आसपास. आरसा कुठे संपतो ते शोधत बसलो, पण संपतच नाही. १० मि.मी.ची पूर्ण जाडी गुळगुळीत आहे.

आणि एक कबुली. "तिन्ही वेळा सुट्टीनंतर" असं मी लिहिलं होतं. आज रजिस्टर काढून बघितलं. पहिल्या दोन घटना सुट्टीनंतरच्या आहेत, आणि दोन्ही सुट्ट्यांत सक्शनचा स्ट्रेनर (पंपात येणाऱ्या पाण्याची गाळणी) उघडून साफ केल्याची नोंद आहे. तिसरी सीट बसवल्यावर अकरा दिवसांनी, चालू शिफ्टमध्ये गेली. मधे सुट्टी होती, पण स्ट्रेनर उघडला नव्हता. मनात एक गोष्ट पक्की झाली होती आणि मी तीच तुम्हाला सांगितली.

नाना, ऑपरेटरला विचारलं. दोन्ही वेळा वास आला होता म्हणाला. "सांगितलं का नाहीस?" तर म्हणाला, "गेज बरोबर होतं साहेब, मग काय सांगू?"

नाना_फिटर · शुक्रवार, सकाळी ६:२०

ऑपरेटरवर रागावू नका. त्याला गेज बघायला शिकवलंय, त्याने गेज बघितलं.

उष्णगतिकरावांच्या प्रश्नाचं उत्तर याच स्ट्रेनरमध्ये आहे. स्ट्रेनर उघडला की सक्शन लाइन आणि पंप रिकामा होतो. परत व्हॉल्व्ह उघडला की केसिंग भरतं, वरच्या डिलिव्हरीतून हवा निघून जाते. पण इम्पेलरच्या (पाणी फेकणाऱ्या चाकाच्या) मागे सीलची जी पोकळी असते, तिची हवा कुठून निघणार? वरून बंद, मागून ग्लँड प्लेट, म्हणजे सीलचं झाकण, बंद. ती हवा तिथेच अडकते. पंप सुरू केला की इम्पेलर पाणी फेकतो, गेज साडेतीन किलो दाखवतं, कॉइलला पाणी मिळतं, सगळं छान.

आणि सील? ताक घुसळताना रवीच्या दांड्याभोवती खळगा पडतो, तो आठवा. जड ताक बाहेर फेकलं जातं. सीलच्या पोकळीतही तसंच होतं. पाणी भिंतीला जातं आणि हवा शाफ्टला धरून बसते. सीलचे फेस नेमके शाफ्टपाशी. पंप भरलेला आणि सील कोरडं, दोन्ही एकाच वेळी. काही मिनिटांनी हवा थोडी थोडी पाण्यात मिसळून निघून जाते आणि मग पाणी तापलेल्या फेसवर येतं. ताई म्हणतात तो तडाखा तेव्हा बसतो.

ग्लँड प्लेटवर पाव इंची प्लग आहे का बघा. बहुतेक पंपांना असतो. कारखान्यातून येतो तसाच बंद राहतो, कोणी उघडत नाही.

उष्णगतिक · शुक्रवार, सकाळी ९:४५

नाना, पटलं. प्रेशर मोजलं जातं डिलिव्हरीला आणि पाणी नव्हतं सीलपाशी. मी दोन्ही जागा एकच धरल्या होत्या. माझा आक्षेप मागे घेतो.

एक गोष्ट मात्र कोणी विचारली नाही. डीएम पाणी वाळलं तर मागे काही उरत नाही. मग तिन्ही सीलांवर पांढरी भुकटी कसली? सील थोडं झिरपतं, झिरपलेलं पाणी हवेत वाळतं, आणि जे उरतं ते पाण्यातून आलेलं असतं. माझ्या मते तुमच्या डीएम चक्रात कुठून तरी कच्चं पाणी शिरतंय. पॅनेलवरच्या कंडक्टिव्हिटीच्या (पाणी वीज किती वाहू देतं त्या) आकड्यावर विसंबू नका, नमुना घेऊन हातातल्या मीटरने मोजा. भुकटीवर लिंबू पिळून बघा. फसफसली तर कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे बोअरचं पाणी.

मृत्तिका · शुक्रवार, रात्री १०:३०

भट्टीवाला, तुमचं निरीक्षण फार स्वच्छ आहे. माझ्या दृष्टीने सीट १ आणि २ चा प्रश्न मिटला. उगम फेसला, अनेक ठिकाणी, नागमोडी चिरा, टणक रबर: तापलेल्या फेसवर अचानक पाणी. काळं नायट्राइल रबर १००-१२० अंशांपलीकडे फार काळ मऊ राहत नाही, म्हणजे तापमानाचाही साक्षीदार आहे. आरसा वाचता येत नसेल तेव्हा असा जोडपुरावा फार उपयोगी पडतो.

सीट ३ चं प्रकरण पूर्ण वेगळं आहे. नाना, इथे हवेचा दोष नाही.

आरशाच्या आकारावरून तुटतानाचा ताण काढता येतो. ताण गुणिले आरशाच्या त्रिज्येचं वर्गमूळ ही संख्या त्या मालासाठी जवळजवळ ठरलेली असते. अ‍ॅल्युमिनासाठी मी १० धरते (मेगापास्कल आणि मीटरच्या हिशोबात, दाण्याच्या आकाराप्रमाणे थोडं इकडे-तिकडे). आरसा १० मि.मी.मध्येही संपत नाही, म्हणजे ताण १०० मेगापास्कलपेक्षा कमी होता. ३५० सोसणारी वस्तू १०० च्या आत तुटली, तर तिच्यात मोठा दोष असणारच. किती मोठा? अ‍ॅल्युमिनाची चिवटता ३.८ धरून उलटं गणित केलं तर सुमारे ०.८ ते ०.९ मि.मी. आणि तुम्ही टवका मोजलात ०.७. गणित आणि भिंग इतकं जवळ येणं दरवेळी घडत नाही. मी दोनदा तपासून पाहिलं.

राहिलेला फरकही समजावता येतो. टवका पडला त्या दिवशी सीट तुटली नाही, अकरा दिवस चालली. अ‍ॅल्युमिनातल्या चिरेच्या टोकाशी पाणी असेल आणि ताणही असेल, तर पाण्याचे रेणू तिथले ताणलेले बंध हळूहळू तोडत जातात. चीर दिसत नाही इतक्या सावकाश वाढते, आणि पुरेशी मोठी झाली की एका क्षणात आरपार जाते. काचेत हे जास्त ठळक दिसतं, अ‍ॅल्युमिनातही होतं. म्हणून "बसवताना तर ठीक होती" हे सिरॅमिकच्या बाबतीत पुरेसं उत्तर नसतं.

मागच्या कडेला शिंपल्याच्या आकाराचा टवका म्हणजे टणक वस्तूचा ठोका किंवा टोच. पुरवठादाराकडून आलेली सीट आधीच टवकलेली होती की बसवताना टवकली, हे टवक्यावरून सांगता येणार नाही. ती कोणी आणि कशाने बसवली?

भट्टीवाला · शुक्रवार, रात्री ११:२०

ताई, ती मीच बसवली. रात्री दीड वाजता, भट्टी गरम, वर इमर्जन्सी टाकीचं पाणी उतरत चाललेलं. कप आत जात नव्हता. पाण्याने ओला केला नव्हता, कोरडाच होता. स्क्रूड्रायव्हरचं टोक मागच्या कडेला लावून सरळ केला आणि मग सीट फेसवरून दाबली. टोच लागल्याचं मला जाणवलं होतं, पण सीट अखंड दिसत होती.

लिंबाचा प्रयोगही केला. फसफसली.

मृत्तिका · शनिवार, सकाळी ७:१०

हे सगळ्यांसमोर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आदर वाटतो. टवक्याचा उलगडा झाला.

नाना_फिटर · शनिवार, सकाळी ७:४०

रात्री दीड वाजता गरम भट्टीपाशी कोणीही हेच केलं असतं. पुढच्या वेळी कप आणि घर (कप बसतो तो खळगा) दोन्ही साबणाच्या पाण्याने ओले करा. नायट्राइलला साबण चालतो. ईपीडीएम रबर असेल तर ग्रीस-तेल अजिबात नको, फुगतं. दाबायला नायलॉनची नळी करून घ्या, सीटच्या फेसएवढ्या व्यासाची, टोकाला सपाट, मधे स्वच्छ पुठ्ठ्याची चकती. दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब. हातोडी आणि स्क्रूड्रायव्हर त्या टेबलावर ठेवूच नका.

कोकणी_पंपवाला · शनिवार, दुपारी १२:१५

मग शेवटी सिलिकॉन कार्बाइड घ्यावं की नाही? आम्हालाही तेच सांगतात.

उष्णगतिक · शनिवार, दुपारी ३:००

माल म्हणून तो अ‍ॅल्युमिनापेक्षा सरस आहे, यात वाद नाही. त्याचं प्रसरण निम्मं, उष्णता वाहून नेण्याची क्षमता कितीतरी पट. अ‍ॅल्युमिना २५-३० वॅट प्रति मीटर-केल्विन, सिंटर केलेलं सिलिकॉन कार्बाइड शंभरच्या वर. मृत्तिकाताईंच्या पद्धतीने गणित केलं तर दर अंशाला ३.८ ऐवजी सुमारे २ मेगापास्कल ताण येतो. म्हणजे दुप्पट फरक सोसेल.

पण दोन गोष्टी बघा. फिरणारा फेस कार्बनचाच ठेवा. दोन्ही फेस सिलिकॉन कार्बाइडचे केले आणि पुन्हा कोरडे चालले, तर टणकावर टणक घासून दोन्ही फेस खराब होतील. कार्बन निदान थोडा वेळ स्वतःचं वंगण देतो. आणि स्वस्तातलं सिलिकॉन कार्बाइड बहुधा रिअ‍ॅक्शन-बाँडेड असतं, त्यात साधारण दहा टक्के सुटं सिलिकॉन राहतं. पाणी फार अल्कलाइन असेल, सामू ११ च्या वर, तर ते सिलिकॉन खाल्लं जातं. बर्फाच्या कारखान्यात लाइन धुवायला कॉस्टिक वापरत असाल तर सिंटर केलेलंच मागा.

हवा तशीच अडकत राहिली तर हेही तडकेल, फक्त जरा उशिरा.

भट्टीवाला · पाच आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ६:३०

धागा वर काढतोय, कारण सांगण्यासारखं बरंच झालंय.

ग्लँड प्लेटवर पाव इंची प्लग होताच, रंगाखाली बुजलेला. तो काढून डिलिव्हरीपासून सीलच्या पोकळीपर्यंत एक बारीक लाइन घेतली, मधे ३ मि.मी.चं ओरिफिस (प्रवाह आवरणारं भोक). पंपवाल्यांच्या भाषेत प्लॅन ११. आता सीलवर सतत ताजं पाणी येतं. पोकळीच्या सगळ्यात वरच्या बिंदूला वेगळा व्हेंट कॉक बसवला. स्ट्रेनर उघडला की पंप सुरू करण्याआधी कॉकमधून बुडबुड्यांशिवाय सलग धार येईपर्यंत थांबायचं, शाफ्ट हाताने चार-पाच वेळा फिरवायचा, परत कॉक बघायचा. पहिल्यांदा केलं तेव्हा पहिली धार सलग आली होती, शाफ्ट फिरवल्यावर पुन्हा फस्सकन हवा निघाली. ऑपरेटर आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो.

पांढऱ्या भुकटीचा शोध मला सगळ्यात जास्त हादरवून गेला. इमर्जन्सी टाकीत बोअरचं पाणी असतं. तिच्या लाइनवरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नव्हता, व्हॉल्व्हच्या आतल्या सीटवर कचरा अडकला होता. दिवसरात्र थोडं थोडं कच्चं पाणी डीएममध्ये जात होतं. हातातल्या मीटरने मोजलेली कंडक्टिव्हिटी पॅनेलवरच्या आकड्याच्या चौपट निघाली. पॅनेलचा प्रोब क्षारांनी माखलेला होता. कॉइलच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी वाढली की होज पाइपमधून गळती प्रवाह वाहतो आणि तांब्याचे निपल (होज जोडायच्या तोट्या) झिजायला लागतात. दोन निपल काढून बघितले, एकाची भिंत कागदासारखी पातळ झाली होती. तो बदलला. सगळं पाणी काढून नवं डीएम भरलं, व्हॉल्व्ह बदलला, आणि हातातल्या मीटरचं वाचन दर शिफ्टच्या रजिस्टरमध्ये घातलं. उष्णगतिकराव, लिंबाच्या फोडीसाठी आमच्या सगळ्या शिफ्टकडून आभार.

सीट सध्या अ‍ॅल्युमिनाचीच ठेवली आहे, मुद्दाम. माल बदलला असता तर व्हेंटने काम झालं की मालाने, हे कधीच कळलं नसतं. मधे तीन वेळा स्ट्रेनर उघडला. वास नाही, गळती नाही. पुढच्या अस्तर बदलण्याच्या वेळी चालतं सील काढून डीपी मारणार आहे. फेस स्वच्छ निघाला तर मग निवांतपणे सिलिकॉन कार्बाइडचा विचार करू.

पुरवठादाराच्या माणसाला तिन्ही डबे दाखवले. त्याने बराच वेळ भिंगातून पाहिलं आणि तिसऱ्या सीटचा फोटो मागून घेतला.

विद्यार्थी_सांगली · रविवार, रात्री ८:००

सर, डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी हे तुकडे बघायला येऊ का? आमच्या कॉलेजात मायक्रोस्कोप आहे, पण त्याखाली ठेवायला अशी तुटलेली वस्तू कधी मिळत नाही.

भट्टीवाला · रविवार, रात्री ८:१०

ये. तुझ्या इथल्या खरडवहीत (निरोपांच्या पानावर) नंबर देतो. सेफ्टी शूज घालून ये, आणि सुट्टीच्या दिवशी ये, म्हणजे स्ट्रेनर उघडतानाही बघता येईल.

कोकणी_पंपवाला · सोमवार, रात्री ९:५०

आज आमचंही सील गेलं. यावेळी तुकडे मीच उचलले, कोणाला हात लावू दिला नाही. स्पिरिटने धुतले. सीटचे दोन तुकडे, फेसला काही दिसत नाही, उगम बाहेरच्या परिघाला वाटतोय. परिघावर एका जागी तपकिरी डाग आहे. ताई, हे तुमच्या पहिल्या यादीतलं "नुसतं तापलं" का?

मृत्तिका · सोमवार, रात्री १०:२५

असू शकतं, पण लगेच ठरवू नका. तपकिरी डाग नेमका उगमावर आहे की त्याच्या शेजारी? डाग तुटलेल्या पृष्ठभागाच्या आतपर्यंत गेला असेल तर चीर जुनी आहे, गंजाचं पाणी तिच्यात आधीच शिरत होतं. आडव्या टॉर्चने फोटो टाका, दोन्ही तुकड्यांचे, आणि सीट घरात बसवताना तो डाग वर होता की खाली, तेही लिहा.